तोंड उघडायची सवय

फौजीने बावीस वर्षं तोफेवर काढली आणि घरी येताना डावा कान तिथेच ठेवून आला. उजवा आला, तोही अर्धाच. तोफखान्यात पहिल्याच दिवशी शिकवतात, गोळा सुटताना तोंड उघडं ठेवा, नाहीतर कानाचे पडदे जातील. त्या गदारोळात हुकूम कोणाला ऐकू येणार? शेजाऱ्याचं तोंड उघडलं की आपलंही उघडायचं. पडदे जायचे ते गेलेच, सवय मात्र हाडीमाशी खिळली.

निवडणुकीत पक्षाला छातीवर पदक असलेला माणूस हवा होता. फौजीला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला एक दुपार पुरली. अट एकच, कानातलं मशीन काढायचं. पोस्टरवर देशाची तोफ आणि कानात मशीन, हे काही शोभत नाही, असं प्रचारप्रमुखाचं म्हणणं पडलं. "मग तिथे बसून ऐकणार काय तुम्ही?" बायकोने विचारलं. घरात शहाणी ती एकटीच, त्यामुळे तिचं कोणी मनावर घेतलं नाही.

संसदेत तीन वर्षं तो मागच्या बाकावर बसून, इतर वाजवतील तेव्हा टाळ्या वाजवत राहिला. मग माजी सैनिकांचा कायदा आला. यापुढे बहिरेपण ही युद्धातली जखम धरायची नाही, म्हणजे त्यावरचं निवृत्तिवेतनही बंद. त्याच्याच तोफेत गोळे भरणारा लंब्या ठार बहिरा झाला होता आणि त्याचं घर त्या पैशांवरच चालत होतं. पक्ष गेला खड्ड्यात, मी विरोधात मत देणार, असा शब्द फौजीने त्याला दिला.

मतदानाच्या दिवशी अध्यक्षांनी काय विचारलं ते फौजीला कळलं नाही. शेजारच्या खासदाराने आ वासून 'हो' म्हटलं, फौजीचं तोंड आपोआप उघडून त्यातूनही 'हो' निघालं, आणि आवाज तर तोफखान्यातला. सभागृह हसलं. तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

इथवर चूक होती, चूक कोणाच्याही हातून होते. पण विरोधकांनी मोजणी मागितली. आता ऐकायचं काही उरलंच नव्हतं. समोरच्या फलकावर ठळक अक्षरं आली, बाजूने असतील त्यांनी उभं राहावं. फौजीने ती दोनदा वाचली. त्याला नुसतं बसून राहायचं होतं. आपल्या पक्षाची मतं राखायचं काम असलेला प्रतोद वळला आणि त्याने बोटाने खूण केली. प्रतोद फौजीच्या मुलाच्या वयाचा, पण पुढच्या उमेदवारीची यादी त्याच्या खिशात. फौजी उठला. ताठ उभा राहिला. कायदा मंजूर झाला.

रविवारी लंब्या घरी आला. शिव्या घालील म्हणून फौजी सकाळपासून येरझाऱ्या घालत होता. लंब्याने एकही शिवी घातली नाही, आणि तेच फौजीला सोसेना.

"तुला ऐकू आलं नसणार," लंब्या ठार बहिऱ्यांच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाला. "मी सगळ्यांना तेच सांगितलंय. आपला माणूस असं करायचा नाही."

बायको चहा घेऊन दारात थबकली. नवरा उभा राहिलेला तिने टीव्हीवर पाहिला होता.

आपण बहिरे आहोत हे फौजीने निवडून आल्यापासून कोणापुढे कबूल केलं नव्हतं. आता त्याने सरळ कानांवर हात ठेवले.

"नाही रे," तो म्हणाला. "काहीच ऐकू आलं नाही."

लंब्याने ते त्याच्या ओठांवरून वाचलं, आणि विश्वास ठेवला.