वारसाचं पान

संगणकावरच्या गावांच्या यादीत ‘सुपे’ निवडलं, की आक्का डोक्यावरचा पदर खांद्यावर घ्यायची आणि खुर्ची पुढं ओढायची. पहिल्या दिवशी मी कारण विचारलं, तर म्हणाली, “माहेर आलं न्हवं का? माहेरात डुईवर पदर कशाला?” सासरच्या गावाचं रेकॉर्ड उघडलं की मात्र पदर कपाळापर्यंत. पडद्यावर सासऱ्याचं नाव दिसलं, तर खुर्चीवरून उठून उभी राहायची. वर्गातली मंडळी फिदीफिदी हसायची. ती त्यांच्याकडं ढुंकूनही बघायची नाही.

लासुर्ण्यात माझा संगणकाचा क्लास आहे. आठवडाभर कॉलेजची पोरं टायपिंग शिकतात. रविवारी सकाळी मी वयस्कर माणसांसाठी वेगळा वर्ग काढला होता. त्या वर्षी ज्याला त्याला जातीच्या दाखल्यासाठी खापरपणजोबा हवा होता, आणि एजंट लोकांनी नुसता उच्छाद मांडला होता. जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर गेली की तलाठी फेरफाराची नोंद घालतो. ती जुनी पानं आता घरबसल्या बघायला मिळतात. म्हटलं, आपले पूर्वज आपण शोधायला शिका की. जिल्हा निवडा, तालुका निवडा, गाव निवडा, गट नंबर टाका. करायला दोन मिनिटं लागतात, शिकवायला मला दोन महिने लागले. माझा स्वभाव तापट, हे मीच कबूल करतो. “एकदा सांगितलेलं कळत नाही का?” हे माझं पालुपद.

आक्काचं पालुपद वेगळं होतं. पडद्यावर काही सापडलं नाही की ती शांतपणे म्हणायची, “असंल की. नीट बघ.”

सत्तरी ओलांडलेली, चौथी शिकलेली बाई. वर्गात सगळ्यांना अरे-तुरे करायची, मलासुद्धा. पान उघडण्याआधी पडद्यावर वेडीवाकडी अक्षरं येतात आणि ती ओळखून लिहायला लागतात, हे तुम्ही पाहिलं असेल. आक्काला वाटायचं, पलीकडं कुणी कारकून बसलाय आणि आपली परीक्षा घेतोय. एकदा अक्षरं चुकली, तर हात जोडून म्हणाली, “चुकलं बाबा, दुसरं घाल.” आणि दुसरी अक्षरं आली. तेव्हापासून तिची त्या कारकुनावर श्रद्धाच बसली.

बाकीचे दाखल्यासाठी यायचे. आक्काला दाखला नको होता. तिची नात शाळेत घराण्याची वंशावळ काढून घेऊन गेली होती. त्यात सात पिढ्या पुरुषांची नावं, आणि बाई एकही नाही. “मास्तर, समदे बापयच,” ती मला म्हणाली. “हे काय झाडावरनं पडलं व्हय? माझ्या आज्जीचं नाव काय, ते मला बी ठाव न्हाय. समदी तिला म्हातारीच म्हनायची.”

आणि इथं मी शहाणपणा केला. म्हटलं, “आक्का, वारसाच्या नोंदीत बघू. घरातला कर्ता माणूस गेला की त्याच्या मागं कोण कोण राहिलं ते लिहितात. बायको, लेकी, सगळ्यांची नावं सापडतात.”

तीन रविवार आम्ही तिच्या आजोबांचं पान शोधत होतो. सापडलं तेव्हा ते आडवं होतं, शाई पसरलेली, कोपरा वाळवीनं खाल्लेला. मी तिला पान सरळ कसं करायचं, अक्षर मोठं कसं करायचं ते शिकवलं. तिनं एकेक अक्षर लावत वाचलं, “विधवा... गज... गजराबाई.” मग थांबली. “गजरा! अगं बया, किती ग्वाड नाव! आन आमी म्हातारी म्हनत हुतो!” आणि वर्गासमोर भडाभडा रडली. पुढच्या रविवारी पेढे घेऊन आली. मला वाटलं, आपण या जन्मात एक तरी चांगलं काम केलं. तुम्हाला सांगतो, त्या दिवशी मी कुणावरही ओरडलो नाही.

पेढे वाटून झाल्यावर म्हणाली, “आता माझ्या दादांचं पान काढ. त्यात माझं बी नाव असंल की.” दादा म्हणजे तिचे वडील. तीसेक वर्षांपूर्वी गेलेले.

तिला एक धाकटा भाऊ, सुप्यातच असतो. त्याच्याबद्दल ती इतकं बोलायची, की वर्गातल्या सगळ्यांना तो माहीत झाला होता. लहानपणी तिनं त्याला कडेवर घेऊन शेरडं राखली, त्याच्या पायी तिची शाळा सुटली, त्याला गोवर आला तेव्हा पाच दिवस ही जेवली नाही. दर भाऊबीजेला ही करंज्यांचा डबा घेऊन एसटीनं सुप्याला जायची. एकही भाऊबीज चुकली नव्हती.

पान माझ्यासमोर उघडलं. आक्का शेजारी चष्मा पुसत होती. मी वाचलं. मयताचे वारस मुलगा एक. खाली आक्काचं नाव, आणि त्यापुढं लिहिलेलं, ‘मुलगी, मयत, निर्वंश.’ माहिती देणार म्हणून भावाची सही.

शेजारी बाई जिवंत बसलीय, दोन लेकरांची आई, पेढ्याचा चुरा अजून तिच्या पदरावर आहे. मी पटकन पान खाली सरकवलं आणि म्हणालो, “आक्का, हे पान खराब झालंय. वाचता येत नाही.”

“असंल की. नीट बघ.”

“नाही येत म्हटलं ना! एकदा सांगितलेलं कळत नाही का?”

माझ्या हाताखालचा माउस तिनं हळूच ओढून घेतला, पान वर सरकवलं आणि मीच शिकवल्याप्रमाणं अक्षर मोठं केलं. मोठं म्हणजे इतकं, की ‘मयत’ हा एकच शब्द पडद्यावर मावेल.

मग एवढंच म्हणाली, “मागितलं असतं, तर तवाच सही करून दिलं असतं की रं.”

आपल्याकडं बहिणी हक्क सोडतात, हे तुम्हाला मी काय सांगावं? माहेर तुटू नये म्हणून सोडतात. कागद पुढं आला की सही करतात, साडी-चोळी घेतात आणि हसत घरी येतात. आक्कानंही तेच केलं असतं. भावाला तेवढं विचारायचंही जड झालं, याचंच तिला लागलं. जमीन तिच्या ध्यानीमनी नव्हती.

मी मात्र पेटलो होतो. दुरुस्तीचा अर्ज मीच टाइप केला, खरमरीत. तिच्या मुलालाही ते पटलं. आक्का चार रविवार अर्ज पिशवीत घेऊन हिंडली. मी दर वेळी विचारायचो, “दिला का?” ती म्हणायची, “देते की.” एकदा चिडून म्हणालो, “आक्का, तुम्ही कागदावर मेलेल्या आहात, कळतंय का?” ती म्हणाली, “मला ठाव हाय. तू वरडू नगंस.” दुसऱ्या दिवशी ती बारामतीला जाऊन अर्ज देऊन आली. माझ्या त्या बोलण्यामुळंच गेली. हे मी विसरू शकत नाही.

सुनावणीला मी बरोबर गेलो होतो. कचेरीत ही आधारकार्ड हातात धरून उभी. भाऊ समोर, पांढरी टोपी, खाली मान. साहेबांनी त्याला विचारलं, “या बाई कोण?”

“बहीण हाय माझी.”

“मग मयत कसं लिहून दिलं?”

“तवा कुणी काय लिवलं, मला ठाव न्हाय. मी सही केली.”

साहेब आक्काकडं वळले. “बाई, तुमचा हिस्सा लागेल आता.”

“हिस्सा नगं, साहेब,” आक्का म्हणाली. “त्याचं सोडपत्र मी करून देते. तेवढं माझं नाव लिवा, आन म्होरं जित्ती हाय म्हनून लिवा.”

मी कपाळावर हात मारला. बाहेर आल्यावर तिला बोललोही, “द्यायचंच होतं तर एवढा खटाटोप कशाला?” ती ऐकतच नव्हती. भाऊ जिना उतरत होता, त्याच्याकडं बघत होती. “च्या घिऊन जा रं,” तिनं हाक मारली. तो थांबला, पण वर आला नाही. खालूनच म्हणाला, “गावात तोंड दावायला जागा ठिवली न्हाईस.” आणि गेला.

नोंद दुरुस्त झाली. सोडपत्रही तिनं बोलल्याप्रमाणं करून दिलं. आता पान उघडलं की आक्का हयात दिसायची.

त्या वर्षी भाऊबीजेला क्लास बंद होता. मी दिवाळी अंक घेऊन पायरीवर बसलो होतो. आक्का आली, नवं लुगडं नेसलेली, हातात डबा. मला वाटलं सुप्याला निघालीय.

“एसटी गेली का आक्का?”

“वहिनीचा फोन आला हुता. येऊ नगा म्हनली.” ती माझ्याशेजारी पायरीवर बसली. “तीस वर्सं कागदावर मेले हुते, तवा पाटावर बसवून जेवू घालायचा. आता जित्ती झाले, तर दार लावून घेतलं.”

मी म्हणालो, “आक्का, चूक माझी. मीच ते पान काढून दिलं.”

“गप ए. गजराबाई बी तूच काढून दिलीस.” तिनं डबा उघडून माझ्यापुढं धरला. “खा. सारन खवट हुईल न्हायतर.”

मी करंजी खाल्ली. ती रस्त्याकडं बघत बसली. बारामतीकडून येणारी प्रत्येक एसटी थांबली की तिची मान वळायची. दोन तास तरी बसली असेल. मी तिला घरी जा म्हणालो नाही.

नंतर ती रविवारी यायची, पण सुपे उघडायची नाही. नव्या माणसांच्या मागं उभी राहून त्यांना पान सरळ कसं करायचं ते दाखवायची. माघात एका सकाळी चहाचा कप घेऊन ओट्यावर बसली, ती बसल्याजागीच गेली.

मी पोचलो तेव्हा अंगण भरलं होतं. सगळी तयारी झाली होती, पण तिरडी उचलत नव्हते. बाईमाणसाला शेवटी माहेरचं लुगडं लागतं, आणि सुप्याहून कुणी आलं नव्हतं. मुलानं मामाला तीनदा फोन लावला. दोनदा नुसता वाजला, तिसऱ्यांदा बंद लागला. ऊन वर चढलं. म्हाताऱ्या बायका आपसात कुजबुजायला लागल्या. मुलगा कुणाच्याच नजरेला नजर देईना.

मी मोटारसायकल काढली आणि बाजारातल्या साडीच्या दुकानात गेलो. दुकानदारानं गठ्ठा पुढं ओढत विचारलं, “कुणासाठी घ्यायची, सर?”

“बहिणीसाठी,” मी म्हणालो. “माहेरची द्यायचीय.”

त्याला आक्का गेल्याचं कळलेलं असावं. त्यानं रंग दाखवले नाहीत की घडी मोडली नाही. वरच्या फळीवरचं एक हिरवट नऊवारी काढून गुपचूप पिशवीत घातलं.

परत आलो, तर अंगणात सगळे तसेच उभे होते.

“सुप्याचं कोन आलंय का?” आक्काच्या उशाला बसलेल्या बाईनं पुन्हा विचारलं.

मग मी पायातल्या चपला काढल्या आणि पिशवी घेऊन पुढं झालो.