बेचाळीस पावलं

त्याला सगळे 'बेचाळीस' म्हणायचे. खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं पुकारलं जायचं, एरवी त्याची कुणाला गरज पडत नव्हती. समुद्रकाठच्या एका मोठ्या रिसॉर्टवर तो एकोणीस वर्षं खुर्च्या मांडत होता. खुर्च्या मांडायला कसली आलीय अक्कल, असं तुम्हाला वाटेल. लागते हो. वाळूत चारही पाय सारखे रुतले नाहीत तर जाडजूड पाहुणा चहाच्या कपासकट कलंडतो आणि मग चूक खुर्ची मांडणाऱ्याची ठरते, पाहुण्याच्या वजनाची नाही.

शिवाय पहिली रांग कुठे लावायची हा मोठा प्रश्न. भरतीचं पाणी जिथवर चढून येतं तिथे वाळूवर एक काळपट ओली रेघ राहते. रांग तिच्या दोन हात अलीकडे हवी. म्हणून तो रोज सकाळी रिसॉर्टच्या पायऱ्यांपासून त्या रेघेपर्यंत पावलं मोजायचा. कामाच्या पहिल्या दिवशी ती बेचाळीस भरली.

मालकाने हा आकडा ऐकला आणि तो त्याच्या डोक्यातच बसला. माहितीपत्रकावर छापून आलं, 'आमच्या पायऱ्यांपासून पाण्यापर्यंत बेचाळीस पावलं मऊ वाळू.' रिसेप्शनवर एक फळा लागला, 'आजचा किनारा', आणि त्याच्यापुढे रोज सकाळचा आकडा. कधी एकेचाळीस, कधी चव्वेचाळीस. समुद्रच तो, थोडं इकडे तिकडे व्हायचंच. पाहुणे फळ्याशेजारी उभे राहून फोटो काढायचे. आकडे एका वहीतही उतरवले जायचे, कारण मॅनेजरला वह्यांची हौस होती.

तेरा वर्षं हे सुरळीत चाललं. मग एका वर्षी वादळात लाटा थेट पायऱ्यांना लागल्या आणि मालकाची पाचावर धारण बसली. त्याने समुद्राला शिस्त लावायची ठरवली. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दगड-सिमेंटची पुरुषभर उंच भिंत उभी राहिली. उद्घाटनाला मालकाने भाषण ठोकलं की आता समुद्राला आपली पायरी कळेल. टाळ्या वाजल्या. बेचाळीसनेही वाजवल्या, अगदी मनापासून. घरी जाऊन मोठ्या बहिणीला म्हणाला, "ताई, आता काळजी मिटली बघ. दगडाची भिंत आहे, तुझ्या घराच्या जवळपर्यंत आलीय."

"जवळपर्यंत," ताई म्हणाली. "माझ्यापुढे नाही ना?"

ताईचं घर भिंत संपते तिथून वीस हातांवर. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि ताई सतरा. त्याला तिनेच वाढवलं. रिसॉर्टच्या चादरी ती धुवायची, वाळवायची, समुद्राकडच्या खोलीत इस्त्री करायची. रोज संध्याकाळी तो तिथे जायचा आणि दोघं मिळून मोठ्या चादरींच्या घड्या घालायची. दोन टोकं तिच्या हातात, दोन ह्याच्या. ताणायचं, झटकायचं आणि एकमेकांकडे दोन-दोन पावलं टाकून मधोमध भेटायचं. चाळीस चादरी झाल्या की चहा.

भिंतीनंतर पहिल्याच वर्षी किनारा अडतीस पावलं भरला. पुढच्या वर्षी तेहतीस. ह्यात जादूटोणा काही नव्हता. आधी लाट वाळूवर चढायची, दमायची आणि मुकाट्याने परत जायची. आता ती भिंतीवर आपटायची आणि परत जाताना पायथ्याची वाळू घेऊन जायची. खुर्च्या मांडणाऱ्याला हे आठवड्याभरात दिसलं. भिंतीचा नकाशा काढणाऱ्या तज्ज्ञाला अजूनही दिसलं असेल असं वाटत नाही, कारण तो भिंत झाल्यावर फिरकलाच नाही.

मॅनेजरने त्याला केबिनमध्ये बोलावलं. मॅनेजर वयाने लहान, बोलायला लोण्यासारखा.

"काका, हा तेहतीस आकडा फळ्यावर बरा दिसत नाही हो."

"किनाराच तेवढा आहे, साहेब."

"बरं. पण पाऊल कुणाचं?"

"माझं."

"मग ते किती लांब टाकायचं हे कोण ठरवतं? समुद्र?"

नोकरी सोडून बेचाळीसकडे होतं काय? दुसऱ्या दिवशी त्याने पाऊल जरासं आखडतं घेतलं आणि फळ्यावर बेचाळीस झळकलं. मॅनेजरने पाठ थोपटली आणि वहीतले आधीचे अडतीस-तेहतीसही खोडून बेचाळीस केले.

एकदा आखडलेलं पाऊल पुन्हा लांब होत नाही. दर वर्षी किनारा आटायचा, दर वर्षी हा पाऊल कापायचा. सीझनच्या आधी ट्रक भरभरून वाळू आणून ओतायचे. ती पाहुण्यांपेक्षाही लवकर निघून जायची. साठ खुर्च्यांच्या अकरा उरल्या. बाकीच्या खुर्च्या मालकाने भिंतीवर चढवल्या आणि त्या जागेला 'सागरदर्शन सज्जा' असं नाव देऊन भाडं वाढवलं. पोहायला समुद्र राहिला नाही म्हणून मागे तलाव खणला आणि त्यात लाटा काढणारं यंत्र बसवलं. खऱ्या लाटांचा धसका घेतलेला माणूस पैसे मोजून खोट्या लाटा काढत होता.

सहाव्या वर्षी बेचाळीस टाचेला अंगठा टेकवत चालू लागला. सकाळी पाहुणे चहा घेत त्याच्याकडे बघत बसायचे. "काका, पायाला काय झालं?" एका बाईंनी कळवळून विचारलं. त्याच्या तोंडून निघून गेलं, "गुडघे." तेव्हापासून ते कायमचंच झालं. पाहुणे जाताना मलमाच्या नळ्या देऊन जायचे. मॅनेजरनेही सहानुभूतीने मान हलवली आणि वहीत लिहून ठेवलं, गुडघ्याचा त्रास. सांगितलं ना, त्याला वह्यांची हौस होती.

ताईला मात्र हे चादरींवरून कळलं. घडी घालताना ती दोन पावलं पुढे यायची आणि हा अर्ध्यावरच असायचा. तिला तिसरं टाकावं लागायचं.

"तू चालतोस का रांगतोस?" तिने विचारलं.

"गुडघे दुखतात गं."

"दोन्ही? एकदम?" ती एवढंच म्हणाली. त्याने तिच्याकडे बघायचं टाळलं.

दरम्यान भिंतीपुढे जागा न मिळालेल्या लाटा भिंतीच्या टोकाला वळून थेट ताईच्या जमिनीत घुसत होत्या. आधी तिचा कपडे वाळत घालायचा दांडा गेला. मग कुंपण. मग एका सकाळी इस्त्रीच्या खोलीचा कोपरा अधांतरी लोंबकळताना दिसला. ताईने इस्त्रीचं टेबल मागच्या भिंतीला सरकवलं आणि काम चालू ठेवलं.

आणि मग सरकारी नोटीस आली. बेचाळीसने ती मोठ्याने वाचून दाखवली. घर धोकादायक आहे, महिन्याभरात पाडावं. भरपाई मिळणार नाही, कारण शेजारच्या रिसॉर्टच्या रोजच्या नोंदींवरून इथला किनारा सहा वर्षं तसूभरही हललेला नाही. सबब जमीन खचली ती घरमालकिणीने कपडे धुऊन सोडलेल्या सांडपाण्यामुळे.

ताई हसली. खूप हसली. समुद्र बाजूला राहिला आणि जमीन खाल्ली हिच्या साबणाच्या फेसाने. मग हसू थांबलं.

"ह्या नोंदी कुणाच्या?" तिने विचारलं.

त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तशी ती दुभंगतच होती म्हणा, पण त्याच्या सोयीने नव्हे. त्याने सगळं सांगितलं, केबिनमधलं, पावलांचं, गुडघ्यांचं. ताई ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "मी तक्रार केलीय. तपासायला साहेब येणार आहेत." आणि चादर झटकली. तिची चारही टोकं तिने स्वतःच धरली.

साहेबांच्या भेटीची वेळ मॅनेजरने हुशारीने काढली. सकाळी अकराला पूर्ण ओहोटी, पाणी पार लांब गेलेलं. साहेब आले, लांबूनच ऐसपैस वाळू बघून खूश झाले. तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण मॅनेजरला पाहुणचाराचा सोस. आधी थंड पेय, मग सज्ज्यावर नाश्ता, मग जेवण, मग "दोन मिनिटं पाठ टेका साहेब." साहेबांनी पाच वाजेपर्यंत टेकली. डोळे चोळत ते मोजपट्टी घेऊन पायऱ्यांवर आले तेव्हा भरती पुरती भरलेली होती. मॅनेजरचा चेहरा त्याच्या टायसारखा लोंबला.

ताई आपल्या अंगणाच्या कडेला, जेवढं उरलं होतं तेवढ्या कडेला, उभी होती.

"आज पट्टीने मोजता येईल," साहेब म्हणाले, "पण सहा वर्षांपूर्वीचं काय? तेव्हाची पट्टी नाही, पावलं आहेत. रोज बेचाळीस. ही पावलं टाकणारा कोण?"

"काकाच आमचे," मॅनेजर घाईने म्हणाला. "पण साहेब, त्यांचे गुडघे फार दुखतात. त्यांना हळूहळूच चालता येतं. काका, नेहमीसारखं चाला. अगदी नेहमीसारखं."

बेचाळीस खालच्या पायरीवर उभा राहिला. अंगात गणवेश, डोक्यावर रिसॉर्टची टोपी. एकोणीस वर्षांची नोकरी होती. ह्या वयात दुसरीकडे कोण घेणार? त्याने एकदा मॅनेजरकडे बघितलं, एकदा ताईकडे.

मग त्याने पाऊल टाकलं. लांब, सरळ, पहिल्या दिवशी टाकलं होतं तसं.

"एक. दोन. तीन."

"काका, नेहमीसारखं," मॅनेजर मागून म्हणाला.

तेराव्या पावलाला बूट पाण्यात गेला. साहेबांनी खिशातून वही काढली. "तेरा," ते म्हणाले, "बस, या मागे."

तो मागे आला नाही. "चौदा," तो म्हणाला. "पंधरा." वीसला पाणी गुडघ्यांवर आलं, त्याच गुडघ्यांवर. तीसला कमरेला. एक लाट आली आणि टोपी घेऊन गेली. लाटेच्या आवाजातून त्याचा आकडा ऐकू यावा म्हणून वर सज्ज्यावर पाहुणे खुर्च्या सोडून कठड्याशी आले. पाणी छातीला लागलं तेव्हा तो थांबला आणि वळला.

"बेचाळीस," तो म्हणाला. "इथे माझी पहिली रांग होती, साहेब. इथवर कोरडी वाळू होती. भिंतीनंतरच्या वहीसाठी मी खोटं चाललो."

साहेबांनी मोजपट्टी उलगडली. "हिचं टोक कुणीतरी तिथपर्यंत न्यायला हवं," ते म्हणाले आणि मॅनेजरकडे बघितलं. मॅनेजरने आपल्या बुटांकडे बघितलं.

ताईने चपला काढून बाजूला ठेवल्या, साहेबांच्या हातातून टोक घेतलं आणि पाण्यात शिरली. ती त्याच्यापर्यंत पोचली तेव्हा दोघंही गळ्याशी भिजलेली होती. तिने टोक त्याच्या हातात दिलं.

"चालता येतं म्हणजे तुला," ती म्हणाली.

काठावरून साहेबांनी पट्टी वाचली. तीस मीटर. त्यातले नऊ कोरडे.

ताईची नोटीस रद्द झाली. भरपाई रिसॉर्टने द्यायची असं ठरलं आणि रिसॉर्टने रडतकुढत दिली; तिने रस्त्यापलीकडे, समुद्राला पाठ करून, दोन खोल्या घेतल्या. इस्त्रीची जुनी खोली त्याआधीच एका भरतीत गेली. भिंत आहे तिथेच आहे, उलट हातभर उंच केली आहे. फळाही आहे. त्यावरचा आकडा आता मॅनेजर स्वतः लिहितो, आणि त्यासाठी तो खाली उतरतही नाही.

बेचाळीसला पंधरा दिवसांनी पत्र मिळालं. खरं बोलल्याबद्दल कुणाला काढता येत नाही, त्यामुळे कारण वेगळं दिलं होतं. जुन्या नोंदींनुसार आपल्याला गेली काही वर्षं दोन्ही गुडघ्यांचा त्रास असल्याने आपल्या प्रकृतीच्या काळजीपोटी आपल्याला कामातून मोकळं करण्यात येत आहे. सोबत मलमाची एक नळी होती.

त्याने ते ताईला वाचून दाखवलं. रिसॉर्टच्या चादरीही बंद झाल्या होत्या. आता ती गावातल्या दवाखान्याच्या धूत होती.

"गुडघ्यांचं तूच सांगितलं होतंस ना?" ती म्हणाली. "मग भोग."

तो मान खाली घालून बसून राहिला. ताईने ढिगातली एक चादर उचलली, झटकली आणि तिची दोन टोकं त्याच्यापुढे धरली. तो उठला. टोकं धरून मागे जाऊन उभा राहिला, चादर ताणली आणि तिच्याकडे दोन पावलं टाकली. ती मधोमधच उभी होती.