बोटवाला म्हणायचा, बाग मेली

बोटवाला कुणाला मारायच्या आधी मनगटावरचं घड्याळ काढायचा आणि ज्याला मारायचं त्याच्याच हातात द्यायचा. "धर जरा," म्हणायचा. समोरचा घड्याळ सांभाळत उभा, तोवर याची पहिली बसलेली असायची. मग पडलेल्या माणसाच्या मुठीतून घड्याळ काढायचा, कानाला लावून चालू आहे ना बघायचा. वसईत निर्मळपासून आमच्या आळीपर्यंत त्याचं घड्याळ धरलेले काही म्हातारे अजून जिवंत असतील, त्यांना विचारा. मी त्यांच्यातला नाही. माझ्या वेळेला उलटं झालं.

तो माझ्या कतरिनचा थोरला भाऊ. कामाला बोटीवर, खाली इंजिनात. नऊ महिने समुद्रावर, तीन महिने गावात, आणि त्या तीन महिन्यांत लग्नं, दारू, मारामाऱ्या. एका लग्नात बँडवाला नवरीच्या बापाला उलट बोलला. बोटवाल्याने क्लॅरिनेट त्याच्या तोंडात असतानाच वरून हात मारला. दोन दात गेले. दुसऱ्या दिवशी त्याच बँडवाल्याला सायकलवर पुढे बसवून दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला, आणि वाटभर त्याच्याकडून गाणी म्हणवून घेतली. त्याची माया अशीच होती, आधी रक्त काढणारी.

आणीबाणी उठल्यावर दुसऱ्या वर्षी तो अमेरिकेच्या कुठल्याशा बंदरावरून मॉर्मन पंथाचा होऊन आला. दारू सोडली, ते ठीक. पण चहाही सोडला. कतरिनने कप पुढे केला तर म्हणाला, "नको बाय, गरम पाणी दे, गूळ टाक त्यात." मी म्हटलं, "आमच्या चहात पाप आहे का?" तर म्हणाला, "भावोजी, तुमच्या चहात पाप कसलं? दूध तरी कुठे आहे!"

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. येशूचे प्रेषित मारले गेले तेव्हाच खरं चर्च संपलं. बाप्तिस्मा द्यायचा अधिकार देवाने परत घेतला. नंतरचे पोप, बिशप, फादर सगळे बिनअधिकाराचे. पुढे कितीतरी शतकांनी देवाने अमेरिकेतल्या एका शेतकऱ्याच्या पोराला हाताशी धरून ते चर्च परत उभं केलं. संध्याकाळी आळीच्या क्रुसापाशी रोजरीची प्रार्थना संपली की हा सुरू.

धर्मशिक्षण शिकवणारे मास्तर एकदा तापले. म्हणाले, "नरकाचं माझ्या चर्चपुढे काही चालणार नाही, असं येशूने सांगितलं. मग काय, तो खोटं बोलला?"

"खोटं नाही बोलला. पण मी गेल्यावर कळपात लांडगे शिरतील, असं पौलाने सांगितलंच की."

"लांडगे शिरले म्हणजे कळप मेला का?"

"मास्तर, लांडग्याच्या पोटातून एक तरी कोकरू जिवंत काढून दाखवा."

लोक हसले. मास्तरांनी सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत दिली. बोटवाल्याने शांतपणे घड्याळ काढलं. मास्तरांनी ते धरलं, सवयीने सगळेच धरायचे. क्रुसाच्या पायरीवर मास्तरांचं कपाळ फुटलं, आणि रोजरीच्या मेणबत्त्या विझायच्या आत सात-आठ जणांनी बोटवाल्याला पालथा पाडून लाथा घातल्या. बायका "येशू, मारिया" करत होत्या आणि मधून चपलाही फेकत होत्या.

पुढे एका लग्नात वर-वधूच्या नावाने ग्लास उचलायची वेळ आली तेव्हा हा पाण्याचा ग्लास घेऊन उभा. चौघांनी त्याला मांडवात आडवा केला आणि नाक दाबून तोंडात दारू ओतली. त्याने एकाचं बोट हाडापर्यंत चावलं. त्या चौघांत मी होतो. त्याचा डावा पाय माझ्याकडे होता. उठल्यावर सगळी दारू माझ्या नव्या सदऱ्यावर ओकला आणि म्हणाला, "भावोजी, पाय मात्र चांगला धरलात."

माझा त्याच्याशी वाद वेगळा होता. मी चार बुकं शिकलेला, मला शास्त्र येत नाही. मी त्याला केळी दाखवली. म्हटलं, "आपल्या केळीला बी नाही. आईच्या बुडातून मुनवा फुटतो, तो काढून लावायचा. माझ्या बापाने लावली, त्याच्या बापाने लावली. मधे एकदा जरी मेली असती तर आज ही बाग दिसली असती का? चर्च तसंच आहे."

तो म्हणाला, "आणि रोग पडून बाग मेलीच, तर? बाहेरून कंद आणता का नाही? ही बाग मेली, भावोजी. तुम्ही सुकलेल्या खुंटाला पाणी घालताय."

आता खरी गोष्ट सांगतो. या सगळ्याच्या कितीतरी वर्षं आधी आमची पहिली मुलगी घरात जन्मली आणि जन्मल्याबरोबर निळी पडली. बाप्तिस्मा फादरनेच द्यायचा, अशी माझी समजूत. मी सायकल घेऊन चर्चकडे सुटलो. फादर दुसऱ्या गावात आजाऱ्याकडे गेलेले. त्यांना गाठून आणेपर्यंत दुपार झाली आणि पोर गेली होती. फादर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अरे, अशा वेळी कुणीही पाणी ओतलं असतं तरी चाललं असतं. सुईणीने ओतलं असतं तरी." सुईण हिंदू होती. घरात पाण्याचा हंडा भरलेला होता.

तेव्हा आमच्याकडे बाप्तिस्मा न झालेलं मूल देवाकडे जात नाही असं मानायचे, आणि ते दफनभूमीच्या भिंतीबाहेर पुरायचे. मीच खड्डा खणला. कतरिन दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की त्या भिंतीला हात लावून उभी राहायची, आणि मी तिच्या मागे, हंड्याचा विचार करत.

बोटवाल्याला मार पडला त्या वर्षीच एका दुपारी मी बागेत केळी तोडत होतो. बावखलाच्या, म्हणजे बागेतल्या तळ्याच्या काठावर बहीण-भाऊ बसले होते. तो तिला सांगत होता, "बाय, आमच्यात तान्ह्याला बाप्तिस्मा देतच नाहीत. त्याला पापच नसतं, मग धुवायचं काय? तुझी पोर भिंतीबाहेर नाही. ती सरळ देवाकडे गेली." आणि कतरिन इतक्या वर्षांनी हसून रडत होती.

मी पुढे झालो. "माझ्या बायकोला फितवतोस?"

तो उठला. "फितवत नाही. तुम्ही उगाच जळताय आतून. तुम्ही हंडा ओतला असतात तरी काही झालं नसतं, भावोजी. अधिकारच नव्हता कुणाला. फादरलाही नाही."

त्याला मला त्या हंड्यातून सोडवायचं होतं. मला ऐकू असं आलं, की माझ्या आईबापाचे, आज्याचे, सगळ्या आळीचे बाप्तिस्मे म्हणजे नुसतं पाणी. माझ्या हातात कोयता होता. मी तो उलटा करून त्याच्या कानावर मारला. मग परत मारला. तो गुडघ्यावर बसला. त्याने घड्याळाला हातही लावला नाही. तिसरा घाव कतरिन मधे आली म्हणून राहिला. त्याच्या कानातून आलेलं रक्त मानेवरून बावखलात गेलं, मासे वर आले.

दवाखान्यात त्याने सांगितलं, तोडताना केळीचा लोंगर, अख्खा घड, कानावर पडला. डॉक्टर वसईचाच, त्याला लोंगर माहीत होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि टाके घालायला घेतले.

बोटीवर परत जाताना तो दारात आला. कतरिन मला जेवण वाढायची, बोलत नव्हती. मी कायतरी पुटपुटलो. तो म्हणाला, "इकडून बोला, त्या कानाने ऐकू येणं बंद झालंय." मला माफी मागायची होती. तोंडातून आलं, "तुझं म्हणणं चूक आहे."

"चूक तर चूक," तो म्हणाला. "पण पोर सुटली का नाही, ते सांगा."

तो ट्रंक उचलून गेला. पुढे चार-पाच वर्षांनी बोटीवरच आजारी पडून गेला. परदेशात कुठेतरी पुरलं, जागा कळली नाही. गावात त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा ठेवायला कुणी तयार नव्हतं. कतरिनने ठेवली. माणसं आली तीन, त्यातले एक मास्तर, कपाळावरच्या खुणेसकट.

कतरिन मॉर्मन झाली नाही. शेवटपर्यंत आपल्याच चर्चला गेली. पण त्या दुपारनंतर ती भिंतीपाशी कधी थांबली नाही.

या पावसाळ्यात ती गेली. शेवटच्या दिवशी सकाळी फादर मरणाऱ्याला लावतात ते पवित्र तेल लावून गेले, तिने मला जवळ बोलावलं. आवाज नव्हता राहिला. "खरं सांगा. आपली पोर सुटली ना?"

बाग मेली असं मी आजही म्हणणार नाही. पण मी तिला सांगितलं, "सुटली गं. त्याच दिवशी सुटली. तुझ्या भावाचं तेवढं खरं होतं."



"मग मारलंत कशाला त्याला?" ती म्हणाली.