लागत नाही, एवढंच लिहून हवं होतं

परभणीत सकाळी भाजी निवडत बसले होते, तेव्हा गयाबाईंच्या सुनेचा फोन आला. "बाई, आत्याबाई गेल्या." त्याला आता महिना झाला. सांगायला लाज वाटते, पण रडू यायच्या आधी मला राग आला... त्यांची शेवटची दोन वर्षं ज्या एका वाक्यानं खाल्ली, त्या वाक्याचा.

त्यांच्या गावातल्या शाळेत मी शिकवत होते, घर त्यांच्या शेजारीच. गयाबाईंचं माहेर चारठाण्याचं, सासर कुंभाराचं. नवरा गेल्यावर बाईमाणसानं चाकाला हात लावू नये म्हणणाऱ्यांना न जुमानता त्या स्वतः रांजण घडवू लागल्या. माती गावच्या सरकारी तळ्यातली, आजेसासऱ्यापासून चालत आलेली. मग तळ्यातला मुरूम काढायचा ठेका एका ठेकेदाराला मिळाला. त्याच्या मुकादमानं वाटेवर साखळी लावली आणि गयाबाईंकडे मातीचा परवाना मागितला. त्या तहसिलीत गेल्या. कारकून म्हणाला, कुंभाराला परवाना लागत नाही. मुकादम म्हणाला, तसं लेखी आणा. कारकून म्हणाला, जे लागतच नाही ते लेखी कसं द्यायचं?

अर्ज मीच लिहायची. एकदा कारकुनानं जातीचा दाखला मागितला, मग रहिवासाचा. दोन्ही नेले, तर विचारलं, हे कशाला आणलंत, परवाना लागतच नाही! शेवटी मीच वैतागले. म्हटलं, सोडा हा नाद, माती विकत आणा. त्या शांतपणे म्हणाल्या, "लागत न्हाई म्हनायलेत ना, बाई? मंग तेवढंच लिवून द्यायला त्येंचा हात काहून थरथरायलाय?"

पुढच्या सोमवारी मला न सांगता, मुकादम जेवायला गेलेला बघून, त्यांनी तळ्याच्या मागच्या अंगानं बैलगाडी भरली आणि थेट तहसिलीच्या फाटकात नेऊन उभी केली. बिनपरवाना माती आणली आहे, गाडी जप्त करा, म्हणाल्या. कारकुनानं हात जोडले, घरी जा म्हणाला. त्या हलल्या नाहीत आणि साहेबांची जीप मागं अडकली. शेवटी पंचनामा झाला, गाडी जप्त झाली. मी धावत गेले आणि त्यांच्यावर लय चिडले; या वयात अंगावर गुन्हा! त्या झाडाखाली बैलांना कडबा टाकत होत्या.

"आता गाडी सोडायची म्हनल्यावर लिवावंच लागतंय की."

तसंच झालं. बऱ्याच तारखा पडल्या, आणि आदेश निघाला: कुंभारास परवान्याची आवश्यकता नाही, सबब गाडी सोडावी. खाली गोल शिक्का. मुकादमानं तो दोनदा वाचला आणि साखळी काढली. आम्ही दोघी तळ्यात उतरलो... तर काळी माती मशीननं कधीच खरवडून नेलेली. पायाखाली नुसता पांढरट मुरूम. मला संताप आला, पण करायचा कोणावर? कारकून खोटं तर काहीच बोलला नव्हता. गयाबाईंनी बांधाच्या कडेनं उरलेली चार पाट्या माती भरली. त्यातून थोडे माठ झाले आणि मग छातीच्या दुखण्यानं त्यांनी अंथरूण धरलं.

परवा त्यांच्या घरी भेटायला गेले. चाकाच्या खोलीत, कोपऱ्यात, ओल्या पोत्याखाली मळलेल्या मातीचा गोळा तसाच आहे. सुनेला चाक येत नाही, मुलगा पुण्यात कंपनीत. तरी ती रोज सकाळी पोत्यावर पाणी शिंपडते. मी विचारलं, आता कशासाठी?

तांब्या खाली न ठेवताच ती म्हणाली, "वाळली की दगड व्हतोय, बाई. मंग आत्याबाई वरडतेत."