मावशीच्या मोदकांची जाहिरात

ऑनलाइन जाहिरातींमध्ये किती जाती-पोटजाती असतात ते मला कळलं मावशीच्या पोळीभाजी केंद्रात, पिठाच्या डब्यावर बसून. शिकवणारा होता माझ्या मावसभावाच्या ऑफिसातला मित्र. पायात पांढरेशुभ्र बूट, आणि ते पिठाने खराब होतील म्हणून हा बाबा सारखा पाय उचलून धरत होता. डिजिटल मार्केटिंग करतो म्हणे. करो बापडा.

हा तमाशा कशासाठी, ते आधी सांगते. काका गेल्यापासून मावशी डोंबिवलीत हे केंद्र एकटीने चालवते. तिचा मुलगा, हाच मावसभाऊ, राहतो कल्याणला, नोकरीला ठाण्याला. त्याचं म्हणणं, आईने आता केंद्र बंद करावं, त्याच्याकडे येऊन राहावं आणि नातीला सांभाळावं. ‘किती दिवस कणीक तिंबणार आहेस?’ हे त्याचं पालुपद. मावशीचा नातीवर जीव आहे, पण मुलाच्या घरात सोफ्याच्या कडेला बसून सगळ्यांच्या वेळा सांभाळायच्या, हे तिला नको. शेवटी माय-लेकांचं ठरलं. यंदा गणपतीत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी वाढल्या तर केंद्र चालू, नाहीतर बंद. त्याच्यासमोर ‘चालेल’ म्हणाली, आणि मला मोरीपाशी गाठून म्हणाली, ‘अगं, तिथे माझा जीव रमायचा नाही गं. काहीतरी कर.’

म्हणून जाहिरात. मित्राने लॅपटॉप उघडला आणि सुरू झाला. एक प्रकार असा की कुणी मोबाइलवर ‘उकडीचे मोदक डोंबिवली’ असं शोधलं की आपलं नाव सगळ्यात वर दिसतं. मला हे पटलं. ज्याला मोदक हवेत तोच शोधणार, सरळ हिशेब. तर हा म्हणतो, ‘ते जरा बोअरिंग आहे, ताई. त्यात ब्रँडचा फील येत नाही.’ मोदकाला फील! दुसरा प्रकार व्हिडिओचा, म्हणजे कुणी बिचारी सकाळी अभंग लावून बसली की मध्येच आपण तडमडायचं. मावशी स्वतः अशा जाहिरातींना रोज शिव्या घालते, त्यामुळे तो बाद. तिसरा रीलचा. कुणीतरी फेमस मुलगी येणार, मोदकाला काट्याने टोचणार आणि डोळे फिरवून ‘ओ माय गॉड’ करणार. काट्याने! मावशीने नुसतं आपल्या लाटण्याकडे बघितलं. राहिला चौथा, फोटोची जाहिरात. ठाण्यापासून पार कल्याणपुढच्या मोहन्यापर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर फोटो झळकणार.

‘कुणाचा फोटो?’ मावशीने विचारलं.

‘तुमचाच, काकू. तुम्हीच तर ब्रँड आहात.’

झालं. मावशी लाजली. मी तिथेच ओळखलं की आता माझं कुणी ऐकत नाही.

पुढची घाण माझ्या घरातून झाली. माझ्या नवऱ्याचं ठाण्यात टेंभी नाक्याजवळ फ्लेक्सचं दुकान आहे. नवरात्र, दहीहंडी आणि गल्लोगल्लीच्या दादा-भाईंचे वाढदिवस, ह्यावर आमचं घर चालतं, त्यामुळे मी जास्त बोलू नये. पण बोलणार. ह्या माणसाला आयुष्यात एकच डिझाइन येतं. मध्ये मोठा चेहरा, खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांची रांग. ‘बाहेर कशाला द्यायचं? घरचंच करून टाकतो,’ म्हणाला, आणि टाकलंच करून. मध्ये लंबगोलात मावशी. तिच्याभोवती झेंडूची माळ, सण आहे म्हणून. दोन्ही बाजूंना समया, देवाचं काम आहे म्हणून. मागे निळं आकाश आणि ढग, कारण ते तयार होतं म्हणून. वर ठळक अक्षरांत ‘आपल्या सर्वांच्या लाडक्या मावशी’. खाली जोडलेले हात आणि सगळं खानदान, गंभीर चेहऱ्याने, आधारकार्डावर असतात तसं. उकडीचे मोदक आणि फोन नंबर कुठे तर पार तळाशी, मुंगीएवढे.

तुम्ही म्हणाल, कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? आमच्या घरच्या ग्रुपवर टाकलेलं की! प्रत्येकाने बोटांनी मोठं करून आपापलंच थोबाड बघितलं. मावसभावाची तक्रार एवढीच की त्याचे केस विरळ दिसतायत. मी पण स्वतःलाच बघितलं, खोटं कशाला सांगू.

जाहिरात सुरू झाली. मित्राचा फोन, ‘काकू, रिस्पॉन्स क्रेझी आहे! लोक इमोशनली कनेक्ट होतायत!’ कॉमेंटचा पाऊस पडतोय, हात जोडल्याची चित्रं, रडके चेहरे. ह्या दिवट्याला देवनागरी धड वाचता येत नाही. डोंबिवलीत जन्मला, डोंबिवलीत वाढला, आणि मराठी ‘थोडं स्लो’ वाचतो म्हणे. त्याने नुसता आकडा बघितला.

आणि मोदकांची एक ऑर्डर येईना. रोजची पोळीभाजी नेणारे येत होते, पण मोदकवाली गिऱ्हाइकं वेगळी. कुणी कल्याणला राहायला गेलेली, कुणी ठाण्याला, वर्षातून एकदाच फोन करणारी. गणपती तोंडावर आले तरी फोन गप्प. मावशी दर थोड्या वेळाने रेंज आहे का बघायची. मला ते बघवेना. शेवटी मी तिच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंना स्वतः फोन लावला.

‘अगंबाई, फार वाईट झालं हो,’ त्या म्हणाल्या. ‘राग मानू नका, यंदा आम्ही दुसरीकडे सांगितलंय. तुमच्याकडे सुतक ना? नैवेद्याचे मोदक सुतकाच्या घरचे कसे चालतील?’

‘कसलं सुतक?’ मी किंचाळलेच. ‘अहो, ती आत नारळ खवतेय!’

मग मी कॉमेंट उघडून वाचल्या. भावपूर्ण श्रद्धांजली. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. पार मोहन्यापर्यंत सगळ्यांनी मावशीला पोचवून टाकलेलं. विचारायला फोन तरी कुणाला करणार? खाली नंबर होता तो तिचाच.

संध्याकाळी सगळे केंद्रात जमलो. नवरा म्हणे, ‘डिझाइनमध्ये तसं चुकीचं काही नाहीये.’ त्याला मी काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मित्र म्हणे, ‘पण अवेअरनेस तर झाला ना!’ मावसभाऊ मात्र शांत होता. त्या शांतपणाची मला जास्त चीड आली. ‘आई, आपलं ठरलेलं ना?’ एवढंच म्हणाला.

मावशीने हात पुसले, चष्मा लावला आणि माझ्या हातून मोबाइल घेतला. एकेक कॉमेंट मोठ्याने वाचायला लागली. ‘परीक्षेच्या दिवसांत काकू न सांगता डब्यात शिरा घालायच्या.’ ‘माझी आई गेली तेव्हा महिनाभर ह्यांनी आम्हाला जेवू घातलं.’ ‘रूमवर आजारी पडलेलो, तर स्वतः पेज घेऊन जिने चढून आलेल्या.’ ‘ह्यांच्यामुळे डोंबिवलीत मला कुणीतरी आहे असं वाटायचं.’ वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला. ह्यातलं आम्हाला कुणालाच काही माहीत नव्हतं, तिच्या मुलालासुद्धा नाही.

मोबाइल ओट्यावर ठेवून ती त्याच्याकडे वळली.

‘ह्या लोकांना वाटलं मी मेले, म्हणून ते हळहळतायत,’ ती म्हणाली. ‘तुला तर माहीत होतं ना रे, मी जिवंत आहे?’

ते ‘ठरलेलं’ त्याने पुन्हा काढलं नाही. केंद्र चालू आहे.