ओढणीखालची सुरुवात

घुग्घुसला कोळशाचे ट्रक जातात त्या रस्त्यालगत जमीलाबींचं दोन खोल्यांचं घर आहे. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगी जोया लग्न होऊन हैदराबादला गेली. दुपारी दार उघडं ठेवून त्या क्रोशाची सुई घेऊन बसतात. मोहल्ल्यात सगळे त्यांना चाची म्हणतात.

ताटावर झाकायचे गोल रुमाल विणायला आसपासच्या बाया त्यांच्याकडे यायच्या. गोल विणकामाचा सगळा कस मध्यात लागतो. पाच साखळ्या जोडून सुरुवात केली की मध्ये वाटाणा जाईल एवढं भोक राहतं, आणि पुढे कितीही सुबक विणलं तरी नजर आधी तिथंच जाते. चाचींनी सुरू केलेल्या रुमालाला भोक नसायचं. ते कसं, हे मात्र त्यांनी कोणाला दाखवलं नाही. पांढऱ्या दोऱ्यावर कोळशाची धूळ बसते, असं सांगून त्या हात ओढणीखाली नेत आणि तयार मध्य समोरच्या बाईच्या हातात देत. पुढचं विणणं मनापासून शिकवत. त्यामुळे एक रुमाल संपला की दुसऱ्याच्या सुरुवातीसाठी चाचींचंच दार गाठावं लागे. मग चहा होई, सुनांच्या कागाळ्या होत, दुपार निघून जाई.

मागच्या दिवाळीपासून आधी सत्यशीला, मग बाकीच्या बाया येईनाशा झाल्या. उरली गल्लीच्या टोकाची दिव्यानी. तिलाही आता एटापल्लीच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. जायच्या आदल्या दुपारी ती आली, तेव्हा चाचींनी सहा मध्य करून डब्यात ठेवले होते.

"घेऊन जा. संपले का ये, अजून करून देतो."

"चाची, एटापल्लीवरून रुमालासाठी येऊ का मी?"

"काऊन, बस बंद झाली का?"

दिव्यानी हसली. चाचींनी डबा पुढे सरकवला. "सत्यशीलानं तर येणंच सोडलं. हात दुखत असन तिचा."

"हात नाई दुखत तिचा. मोबाइलवर पाहून सुरुवात शिकली ते. सगळ्याईले दाखवलं तिनं."

"भोक राह्यते का?"

"राह्यते थोडं. चालते म्हणते."

"अन् तुले नाई दाखवलं?"

"दाखवत होती. मी म्हटलं, मले चाची करून देते."

चाची डब्याकडे पाहत राहिल्या. सहा रुमाल म्हणजे सहा-सात महिने. नंतर तरी ही पोरगी येईल, एवढाच त्यांचा अंदाज होता. मग त्यांनी ओढणी खांद्यामागे टाकली आणि दोरा दिव्यानीच्या हातात दिला.

"इकडं सरक. बोटाले दोनदा गुंडाळ. एकदा नाई, दोनदा. एकाच वेढ्याचा धुतला का सुटते."

दिव्यानीनं दोन्ही वेढ्यांखालून सुई घातली, तीन साखळ्या घेतल्या, मग पंधरा उभे टाके, म्हणजे खांब, विणले. टोक ओढलं, तर मध्य अर्धाच मिटला आणि एक वेढा बाहेर लोंबू लागला.

"इथंच तर सगळ्या अडकतात," चाची म्हणाल्या. "टोक हळूच ओढून पाह्य. दोनातला कोणता वेढा हलते? तोच धरून ओढ, दुसरा मिटते. मंग टोक ओढ. अन् टोक लगेच कापू नको. टाक्यांतून एकदा असं न्यायचं, एकदा उलटं."

तिसऱ्या वेळी मध्य मिटला. दिव्यानीनं तो दाराच्या उजेडात धरला. मधून उजेड येत नव्हता.

"एवढंच होतं?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"एवढंच होतं, बेटा."

चाची चहासाठी उठल्या, पण दिव्यानीला बॅग भरायची होती. स्वतः केलेला मध्य तिनं पर्समध्ये ठेवला.

"तुमचे राहू द्या, चाची. कोणी आलं तर कामी येतीन. आता येते मले."

कोणी आलं नाही. चौथ्या दिवशी चाचींनी डब्यातला एक मध्य उचलला. कित्येक वर्षं त्या फक्त सुरुवातच करत आल्या होत्या. दुसरी ओळ नेहमी दुसऱ्याच कोणाच्या हातानं पडायची. तिच्यात प्रत्येक खांबावर दोन खांब घालायचे, हे त्यांनी किती जणींना सांगितलं असेल. पण स्वतः घालताना त्या चुकल्या, उसवलं, पुन्हा मोजलं. मोजताना त्या मोठ्यानं बोलत होत्या, शिकवताना बोलायच्या तसं.