आंब्यांच्या आढीतलं बियाणं
मुरबाडच्या माझ्या खोलीवर घरून रायवळ आंब्यांची पिशवी आली, की तिच्यातल्या पेंढ्याच्या गोडसर वासाने मला शेणव्याचं आमचं घर आठवतं. मी लहान असताना एका वर्षी बाबांनी रहूसाठी, म्हणजे मोड आणून चिखलात फेकायला, भिजवलेलं भात खताच्या प्लास्टिक गोणीत भरून तोंड घट्ट आवळलं होतं. उघडलं तर आंबूस वास आला. दाण्यांना पांढरे कोंब होते, पण मूळ एकालाही नव्हतं. घरात दुसरं बियाणं नव्हतं. "अवो, कोंडलंय ते, जरा वारा लागू द्या," म्हणत आईने भात धुतलं, तागाच्या पोत्यात सैल भरलं आणि थेट आढीत, पिकत आलेल्या आंब्यांच्या मधोमध ठेवलं. "अगो, बियानं हाय ते, आंबं नाय!" बाबा ओरडले. दोन दिवसांनी पोत्याच्या विणीतून पांढरीशुभ्र मुळं बाहेर डोकावत होती. "पेंढ्याची ऊब लागली," बाबा म्हणाले. "आंब्यांचा गुन हाय," आई म्हणाली. तेव्हापासून दरवर्षी पोतं आढीत जातं आणि दरवर्षी हेच भांडण होतं. मी आता कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकते. मुळाला हवा लागते, ऊब लागते आणि पिकत्या आंब्यातून सुटणारा वायूही बियाण्याला जागं करतो, हे मला ठाऊक झालंय. काल फोनवर दोघंही एकदम म्हणाली, "तू शिकतेस ना, मंग सांग, कोनाचं खरं?" मी म्हटलं, "अजून तो धडा आला नाय."